बायबलप्रमाणे कपाशीत तूर पेरणं पाप आहे का?
नाही. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात (19:19) एका शेतात दोन प्रकारचं बी पेरू नको असं आहे खरं. ते अक्षरशः धरलं तर पऱ्हाटीत तुरीचं तास घालणारा यवतमाळकडचा प्रत्येक ख्रिस्ती शेतकरी पापी ठरेल! पण हा नियम मोशेच्या नियमशास्त्रातला आहे, आणि पहिल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या यरुशलेममधल्या सभेनं (प्रेषितांची कृत्ये 15) यहुदी नसलेल्यांवर ते सगळं नियमशास्त्र लादलं नाही. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं त्यातले नैतिक, विधींचे आणि न्यायाचे असे नियम वेगळे केले. नैतिक तेवढे कायमचे. मला हे थोडं सोयीचं वाटतं, कारण ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे 19:19च्या लगेच वरचंच वचन आहे आणि मजकुरात तशी विभागणी कुठंच नाही. शेजाऱ्याचा धुरा (शेताचा बांध) कोरणाऱ्याला मात्र कुठलाच पंथ सूट देत नाही. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (27:17) त्याला थेट शाप आहे.