शंभरपर्यंत म्हणते, पण सात चमचे मागितले की मूठभर आणते

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सोलापूरहून लिहितेय. मुलगी चार वर्षांची झाली, बालवाडीत अजून घातली नाही, घरीच मी आणि सासूबाई मिळून शिकवतो. तिला आकड्यांचं भारी वेड आहे ओ, सकाळी उठल्यापासून "आई गणित दे" म्हणून मागं लागते. शंभरपर्यंत न चुकता म्हणते, पण परवा सात चमचे आण म्हणलं तर मूठभर उचलून आणले. मिस्टर म्हणतात ऑनलाइन साडेतीन हजारांचा मॅथ किट मागवू, जाऊबाई म्हणतात अबॅकसला घाला, शेजारच्यांनी बेरजांचं वर्कबुक दिलंय. नेमकं काय घ्यावं? घरात दीड वर्षाचा धाकटाही आहे.

उत्तर : ताई, आधी चमच्यांचं बोलू, कारण किट घ्यायचा का नाही ते त्यावरच ठरतंय. शंभरपर्यंत म्हणणं हे आरती पाठ असण्यासारखं आहे, कौतुक करा, पण ते मोजणं नव्हे. एकेका चमच्याला एकेक आकडा लावत जायचं, सातवर थांबायचं आणि ते "सात" म्हणजे शेवटचा चमचा नाही तर सगळे मिळून सात, हे कळणं वेगळं. चौथ्या वर्षी बऱ्याच पोरांचं ते व्हायचंच असतं, त्यामुळे टेन्शन घेऊ नका. फक्त तोवर वर्कबुकातलं ५ + ३ तिच्यासाठी नुसत्या खुणा आहेत, ते वर्षभर कपाटात राहू द्या.

आता सामान. सोलापुरात शेंगांना काय तोटा नाही, घरात चटणीसाठी शेंगा फोडायला बसलात की हिला शेजारी घ्या. न फोडलेली शेंग बोटांनी चाचपायची, आत दोन दाणे का तीन ते सांगायचं आणि मग फोडून बघायचं. तीनपर्यंतचे दाणे ती न मोजता नुसतं बघून सांगायला लागेल, आणि हे फार कामाचं आहे, कारण मग दोनवाली आणि तीनवाली शेंग शेजारी ठेवून "सगळे किती?" विचारलं की झाली बेरीज, वही न उघडता. पण धाकट्याचं बघा हं, दाणा, चिंचोका, मणी, काहीही त्या वयात घशात अडकू शकतं, तेव्हा हा खेळ तो झोपला की, आणि उठायच्या आत खाली पडलेलं सगळं वेचून ठेवायचं. तो जागा असताना वाट्या, चमचे, कपड्यांचे मोठे चिमटे.

दुसरी गोष्ट, आणि मला विचाराल तर साडेतीन हजारांच्या किटपेक्षा ही भारी. फरशीवर खडूनं दहा चौकोन एका सरळ रेषेत काढा, डावीकडून उजवीकडं, आत १ ते १० लिहा. फाशाला चिकटपट्टी लावून तीन बाजूंना एक आणि तीन बाजूंना दोन ठिपके करा. सोंगटी चारवर आहे आणि दोन पडले तर तिनं "एक, दोन" नाही म्हणायचं, "पाच, सहा" म्हणत सरकायचं. सगळी गंमत ह्या एका गोष्टीत आहे, सासूबाईंनाही सांगून ठेवा. अमेरिकेत रमाणी आणि सीग्लर या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये असाच खेळ गरीब घरातल्या बालवाडीच्या पोरांकडून खेळून घेतला, दोन आठवड्यांत जेमतेम चार बैठका, तर त्यांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली, आणि ज्यांना त्याच पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग दिले होते त्यांची नाही. सापशिडी एवढ्यात नको, तिच्यात दर ओळीला दिशा उलटते, पोरं गोंधळतात. लुडोच्या पट्टीवर तर आकडेच नसतात.

विकतच आणायचं असेल तर नवी पेठेत चक्कर मारा. ठिपक्यांचा मोठा फासा, पत्त्यांचा कॅट (राजा-राणी-गुलाम काढून टाका) आणि एकमेकांत अडकणारे एकसारखे ठोकळे, बस. ठोकळे का, तर पाचची कांडी मोडून तीन आणि दोन होते, परत जोडली की पाच, हे तिच्या हातात घडतं. शाळांत असते तशी गणितमाळ घरी ओवता येते, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. सुरुवातीला वीसच मणी पुरे, शंभराची घाई कशाला! आणि घरात सोलापुरी चादर असेलच, तिच्या काठावरची नक्षी बघून "आता पुढं काय येणार?" विचारा, तेही गणितच आहे, लोक उगाच त्याला चित्रकला समजतात.

अबॅकस आत्ता नको. त्यात वरचा एक मणी म्हणजे पाच धरायचा असतो, आणि जिला अजून पाच वस्तू मोजून देता येत नाहीत ती ते नुसतं बोटांनी पाठ करणार. सहा-सात वर्षांची झाली आणि तिलाच आवडलं तर बघू.

आकडे लिहायला लावू नका, वाचू दे. पण मराठी आणि इंग्रजी आकडे एकदम दाखवू नका, मराठी १ आणि इंग्रजी नऊ कसे दिसतात ते एकदा शेजारी लिहून बघा म्हणजे कळेल. घरातल्या घड्याळावर, कॅलेंडरवर जे आहेत ते आधी. मिस्टरांना किट घ्यायचाच असेल तर आत काय आहे ते बघून घ्या, नुसते रंगीत कार्ड आणि बोलणारं बटण असेल तर साडेतीन हजार वाचवा, हातात घेऊन मोडता-जोडता येणारं काही असेल तर विचार करा, आणि धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत बारीक तुकड्यांचा तर नकोच.