डाव्या आणि उजव्या हार्ट फेल्युअरची लक्षणं कशी लक्षात ठेवायची? जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) परीक्षेत नेहमी गोंधळ होतो.

पाठ करू नका, रक्त कुठे तुंबतंय ते बघा. हृदयाची डावी बाजू थकली की रक्त मागे फुफ्फुसात साचतं: धाप, आडवं झाल्यावर गुदमरणं, फारच बिघडलं तर गुलाबी फेसाळ थुंकी. अशा पेशंटला आधी उठवून बसवा. उजवी थकली तर रक्त मागे बाकी शरीरात तुंबतं: पायांना सूज, मानेच्या शिरा फुगलेल्या, यकृत वाढलेलं. दोन्ही एकत्रही दिसतात, कारण उजवी बहुतेक वेळा डावीमुळेच थकते.

वॉर्डात रोजचं वजन मात्र मनापासून घ्या. सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर. १ लिटर पाणी साचलं की वजन साधारण १ किलोने वाढतं, आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधीच काटा ते सांगतो.