रॉटरडॅमच्या टर्मिनलला जाताय? आधी नावांची यादी मागून घ्या

एमबीएचा स्टडी टूर, नेदरलँड्स, एकाच दिवशी सकाळी आल्समेरचा फुलांचा लिलाव आणि दुपारी रॉटरडॅम बंदरातलं कंटेनर टर्मिनल, तर तयारी काय करावी, असं तुम्ही विचारलंय. आमच्या बॅचचा कार्यक्रम अगदी हाच होता, म्हणून सविस्तर लिहितोय. व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड वगैरे सोडून देतो, ते तुम्ही करालच.

मुख्य मुद्दा टर्मिनलच्या गेटचा. २००४ पासून आंतरराष्ट्रीय बंदरांना आयएसपीएस ही सुरक्षा नियमावली लागू आहे. म्हणजे कोण आत येणार हे टर्मिनलला आधी कळवायचं आणि गेटवर ओळख पटवायची. आमच्या कॉलेजच्या परदेश दौऱ्यांचं बघणाऱ्या ऑफिसने यादी पाठवली ती मार्कशीटवरून. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, तेही काही ठिकाणी अर्धवट कापलेलं. पासपोर्टवर वेगळाच क्रम, काहींचं तर स्पेलिंगही वेगळं. वर कडी म्हणजे सगळ्यांचे पासपोर्ट 'हरवू नयेत म्हणून' हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आमच्या हातात झेरॉक्स दिलेल्या. विचारलं तर उत्तर, "दरवर्षी असंच करतो."

गेटवरचा माणूस अतिशय सभ्य होता आणि तसूभरही हलला नाही. त्याची काही चूक नव्हतीच. नेदरलँड्समध्ये १४ वर्षांवरच्या प्रत्येकाला मागितल्यावर ओळखपत्र दाखवावं लागतं, पर्यटकांनाही, आणि झेरॉक्स म्हणजे ओळखपत्र नव्हे. आम्ही बाहेरूनच क्रेन बघितल्या. या भेटीवर रिपोर्ट होता, त्याला मार्क होते, आणि परत आल्यावर त्याच ऑफिसने लेखी कळवलं की नावं 'कॉलेजच्या रेकॉर्डप्रमाणे बरोबर' आहेत. भेटीसाठी घेतलेल्या पैशांबद्दल विचारलेल्या मेलला आजतागायत उत्तर नाही. असो. हे लिहितानाही डोकं तापतं.

तर, पाठवायच्या आधी यादी स्वतः बघायला मागा. पासपोर्टवर फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात, त्यातल्या पहिल्या ओळीत जसं नाव आहे तसंच यादीत हवं. त्या दिवशी मूळ पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवा, को-ऑर्डिनेटर काहीही म्हणो. प्रत्येक टर्मिनलचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे यजमानांना एक मेल टाकून खात्री करा. माझं म्हणणं अंतिम धरू नका.

दोन्ही भेटी एका दिवसात कोंबणं मला मुळातच पटत नाही. नवी, स्वयंचलित टर्मिनल्स मासव्लाक्टेला आहेत, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, आणि ते रॉटरडॅम शहरापासून आणखी ४० किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला आहे. 'रॉटरडॅमला दोन वाजता' असं वेळापत्रकात लिहिलं असेल तर नक्की कुठे, हे विचारा. ड्रायव्हर नसलेल्या गाड्या कंटेनर वाहून नेताना बघायच्या असतील तर घाईत जाऊन काही कळत नाही.

आल्समेरबद्दल थोडंच. तुम्ही त्या लिलावगृहाला 'कंपनी' म्हटलंय, पण ती उत्पादकांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. रिपोर्टमध्ये हे चुकवू नका, खरा केस स्टडी तोच आहे. तिथे बोली वर चढत नाही. घड्याळावर भाव वरून खाली घसरतो, जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. फुलं नाशवंत, म्हणून सौदा काही सेकंदांत संपवणारी ही पद्धत. आता बरेच खरेदीदार ऑनलाइनच बटण दाबतात, त्यामुळे सभागृह रिकामं दिसलं तर हिरमुसू नका. गॅलरीतून खाली बघा. केनिया, इथिओपियातून आलेले गुलाब ट्रॉल्यांवरून कसे वाटले जातात, तिथेच सप्लाय चेनचा अख्खा धडा आहे.

जाता जाता: ट्रेन-बसमध्ये चढताना जे कार्ड टेकवाल तेच उतरतानाही टेकवा, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. मासव्लाक्टेला वारा भयंकर असतो, ब्लेझरच्या भरवशावर राहू नका. आणि आल्समेरचं काम पहाटेच सुरू होतं, गुरुवारी तर फार लवकर आटोपतं. तुमची तारीख गुरुवारी येत असेल तर आत्ताच बदलून घ्या.