‘जरा’मधला ज

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही गाणी ऐकली. इंग्रजी तीनदा, मराठी दोनदा. पुढे कोणत्या भाषेत गाऊ, असं विचारलंयस. आधी थोडी कुरकुर ऐकून घे. (पेटीवाल्याचं लक्ष फक्त सुरांकडे असतं असा गायकांचा समज असतो. चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी शब्दच जास्त ऐकलेत.)

इंग्रजी गाण्यात ‘टुनाइट’ चार वेळा येतो आणि चारही वेळा तू ठोका ‘टु’वर घेतलायस. बोलताना जोर ‘नाइट’वर असतो. गळ्याचा दोष नाही, चालीचा आहे, आणि चाल तुझीच. इंग्रजी शब्दात आघाताची जागा ठरलेली, ती जोरकस मात्रेवर आली नाही तर शब्द लंगडतो. आपला हिशेब लघु-गुरूचा. ‘सुत’ लांबवला की ‘सूत’. मुलाचा दोरा होतो. तू मराठी हिशेबाने इंग्रजी चाल बांधलीस. आणि ती ‘वाइन’! दारू की वेल, हे कागद बघेपर्यंत मला कळेना. त्या भाषेत व दोन आहेत, एकाला ओठ गोल करायचे, दुसऱ्याला दात ओठावर टेकवायचे. आपण दोन्हीकडे एकच व वापरून मोकळे होतो.

हे सगळं शिकता येतं. मला काळजी वाटली ती मराठी गाण्याची.

‘जरा थांब’मधला ज तू ‘जीव’मधल्यासारखा म्हटलास. तसा म्हटला की जरा म्हणजे म्हातारपण. थांबवायचं होतं त्या मुलाला, थांबलं म्हातारपण! पुढे ‘वेळ’चा ‘वेल’ झालाय. घरात मराठी बोलणारी तू, पण गाताना तुझी मराठी परक्या मुलीसारखी येते. मायबोली आहे म्हणून तिच्याकडे बघायची गरज नाही, असं तू धरून चाललीस.

उलट भीमसेनजी बघ. जन्म 1922 चा, गदगकडचा, घरची भाषा कानडी. ळ त्यांना घरूनच मिळाला होता, कानडीत तो आहेच. पण बाकीची मराठी कमवावी लागली. त्यांचे गुरू सवाई गंधर्वही कुंदगोळचे, म्हणजे कानडी मुलखातलेच, आणि ते तर मराठी संगीत नाटकांत उभे राहिले. पुढे भीमसेनजींचा अभंग ऐकताना ही भाषा यांची नव्हे, असं कोणाच्या मनातही येईना.

अर्थ न कळताही गाता येतं, असं तू म्हणशील. येतं. आब्बा या पॉप बँडच्या दोघी स्वीडिश गायिकांनी 1980 मध्ये अख्खा अल्बम स्पॅनिशमध्ये गायला, भाषा येत नसताना, उच्चार घोकून. पण ती त्यांचीच जुनी गाणी होती, वर्षानुवर्षं गाऊन मुरलेली. कुठे काय म्हणायचंय ते आधीच ठाऊक होतं. तुझं गाणं कोरं आहे.

आणि ‘इंग्रजीत जास्त लोक ऐकतील’ हे कारण मला सांगू नकोस. 1984 मध्ये नेना या जर्मन बँडचं फुग्यांचं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं ते जर्मनमधलं. ब्रिटनमध्ये त्याचंच इंग्रजी रूप पहिल्या क्रमांकावर आलं. बाजाराला विचारशील तर तो असा दोन तोंडांनी बोलतो.

तेव्हा दोन्ही भाषांत गा. फक्त इंग्रजी गाणं आत्ताच कुठे टाकू नकोस. पंधरा दिवस चाल बाजूला ठेव आणि शब्द नुसते बोल, भांडताना बोलतेस तसे. जोर कुठे पडतो तिथे पेन्सिलने खूण कर, मग त्या खुणांवरून चाल पुन्हा बांध. थोडी बदलेल, बदलू दे. मराठी गाणं आजीला वाचून दाखव, गाऊन नको. ती जिथे ‘काय म्हणालीस?’ म्हणेल तिथे थांब.

रविवारी येतेस का? पेटीचा भाता दुरुस्त करून आणलाय. येताना त्या खुणांचा कागद आण.

तुझा,
काका