निवडणूक न लढवता एक लष्करी अधिकारी थायलंडचा पंतप्रधान म्हणून आठ वर्षं कसा टिकला?

तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारताय ते जनरल प्रेम तिनसुलानोन. नावातलं 'प्रेम' हे आपलंच, संस्कृतातून तिकडे गेलेलं. मी काही वर्षं बँकॉकला नोकरीला होतो. आमच्या ऑफिसात सोंगख्लाच्या एक वयस्कर बाई होत्या. त्या कधी त्यांचं नाव घेत नसत, नुसतं 'पा' म्हणत. पा म्हणजे बाबा. तेव्हापासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

जन्म १९२०चा, दक्षिणेतल्या सोंगख्लाचा. वडील तुरुंग अधिकारी. प्रेम रणगाडा दलातले. पण त्यांना खरं घडवलं ते ईशान्येने. १९७४ साली ते तिथल्या सैन्याचे प्रमुख झाले. तो सगळ्यात गरीब भाग, आणि कम्युनिस्ट बंडखोरांचा जोरही तिथेच. ऑक्टोबर १९७६ मध्ये बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांचं हत्याकांड झालं आणि हजारो शिकलेली पोरं जंगलात जाऊन बंडखोरांना मिळाली. नुसत्या बंदुकीने हे मिटणार नाही, हे प्रेम यांना तिथे कळून चुकलं.

मार्च १९८० मध्ये ते पंतप्रधान झाले आणि पुढच्याच महिन्यात '६६/२५२३' हा आदेश निघाला. २५२३ हे बुद्ध संवत, म्हणजे १९८०. लढाईपेक्षा राजकारण आधी, आणि शस्त्र खाली ठेवून येईल त्याला शिक्षा नाही, असा त्याचा गाभा. परत आलेल्यांना 'शरण आलेले' म्हणायचं नाही, 'राष्ट्रविकासातले सहभागी' म्हणायचं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम हेच. चीनने बंडखोरांची मदत आटवली होती हे खरं, पण परतायला दार उघडं नसतं तर ती पोरं आली कशी असती? प्रेम यांचे एक सहायक होते सुरायुद चुलानोन. त्यांचे स्वतःचे वडील सैन्य सोडून कम्युनिस्टांचे पुढारी झाले होते. त्या लढाईत घरंसुद्धा अशी दुभंगलेली होती.

आता ते टिकले कसे? १९७८च्या राज्यघटनेत पंतप्रधान निवडून आलेला असलाच पाहिजे अशी अट नव्हती. सीनेट नेमलेलं, कुठल्याच पक्षाला बहुमत नाही, आणि एकमेकांपेक्षा प्रेमच बरे असं सगळ्या पक्षांचं मत. पण खरा आधार राजवाड्याचा. एप्रिल १९८१ मध्ये ज्या तरुण कर्नलांनी त्यांना वर आणलं होतं, त्यांनीच बँकॉक ताब्यात घेतलं. प्रेम राजघराण्यासोबत ईशान्येतल्या कोराट शहरात गेले. राजा कोणाच्या बाजूने आहे हे दिसताच तीन दिवसांत बंड विरलं. १९८५ मध्ये पुन्हा बंड झालं, तेव्हा ते इंडोनेशियात होते. तेही फसलं. मध्ये १९८४ साली बाट हे थाई चलन डॉलरला २३ वरून २७ वर नेलं, तर लष्करप्रमुख आर्थित यांनी टीव्हीवर येऊन सरकारला दम भरला. निर्णय मागे घेतला नाही, आणि १९८६ मध्ये आर्थित यांनाच पदावरून हटवलं. त्या अवमूल्यनाने निर्यातीला बळ मिळालं. १९८८च्या निवडणुकीनंतर पक्ष पुन्हा बोलवायला आले, तर त्यांनी सांगितलं, "मला पुरे झालं."

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. पण ते राजाच्या सल्लागार मंडळात गेले, १९९८ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. थाकसिन निवडून आलेले पंतप्रधान असताना, जुलै २००६ मध्ये, प्रेम यांनी छात्रसैनिकांना सांगितलं: सैन्य हा घोडा, सरकार नुसता जॉकी, घोड्याचे मालक देश आणि राजा. दोन महिन्यांत सत्तापालट झाला आणि पंतप्रधान झाले तेच सुरायुद. पुढे लाल शर्टवाल्यांनी, म्हणजे सत्तापालटाविरुद्ध उभ्या राहिलेल्या थाकसिन-समर्थकांनी, प्रेम यांच्या घराला वेढा घातला. त्यांतले कितीतरी जण ईशान्येचे, म्हणजे ज्या गावांकडे बघून प्रेम यांनी बंदूक खाली ठेवायला शिकवलं, तिथलेच. हे वाचताना आजही वाईट वाटतं. ज्याने जंगलातल्या पोरांचं ऐकलं, त्याला मतपेटीतला आवाज का ऐकू आला नाही?

२०१६ मध्ये राजा भूमिबल गेले तेव्हा ९६व्या वर्षी ते काही आठवडे राजप्रतिनिधी होते. २६ मे २०१९ला वारले. त्यानंतर दहा दिवसांनी नेमलेल्या २५० सीनेटरांच्या साथीने आणखी एक माजी लष्करप्रमुख, प्रयुत, खासदार नसतानाही संसदेत पंतप्रधान म्हणून निवडले गेले.