कॅन्सरच्या रुग्णाला जर्दाळूच्या कडू बिया द्याव्यात का?

तुमच्या वडिलांची आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. काकांनी ऑनलाइन जर्दाळूच्या कडू बिया मागवल्यात, ‘व्हिटॅमिन बी-१७’ म्हणून रोज १० चावून खायला सांगितल्यात, आणि तुम्ही विचारताय की झाडाचंच तर आहे, द्यायला काय हरकत? हरकत आहे. आज रात्रीच्यासुद्धा देऊ नका. आधी डबा उचलून वर ठेवा, मग पुढचं वाचा.

मी परळला औषधाच्या दुकानात काउंटरवर २२ वर्षं काढली. हा प्रश्न मला निदान पन्नास जणांनी विचारला असेल, बहुतेकांनी आवाज खाली करून.

फसगत होते ती ओळखीमुळे. आमच्या चाळीत दिवाळीला मशीद बंदरहून सुकामेवा यायचा. जर्दाळूचा गर खाऊन झाला की बी दाराच्या फटीत धरून दार लोटायचं, टक्कन फुटायची, आतला ‘छोटा बदाम’ ज्याचा त्याने खायचा. दाराची लाकडं खराब व्हायची म्हणून मार खाल्लाय, बियांनी कधी काही झालं नाही. कारण त्या गोड जातीच्या होत्या. कॅन्सरच्या नावाने विकतात त्या मुद्दाम कडू निवडलेल्या असतात. हा कडूपणा अमिग्डालिनचा, कडू बदामात असतो तोच. नुसतं बघून गोड कुठली, कडू कुठली, ते सांगता येत नाही.

बी चावली किंवा कुटली की तिच्यातलंच एक एन्झाइम अमिग्डालिनला फोडतं आणि सायनाइड सुटतं. राहिलेलं काम आतड्यातले जिवाणू करतात, म्हणून अमिग्डालिन शिरेतून दिल्यापेक्षा पोटात घेतलेलं जास्त घातक. सायनाइड पेशीची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतं. श्वास चालू, रक्तात ऑक्सिजन आहे, पण पेशी उपाशी. ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, असं विकणारे सांगतात. मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशींना ते मुळीच सोडत नाही.

आता पाकिटावरच्या सूचना बघा. बारीक चावा, नाहीतर पूड करून मधातून घ्या, सोबत व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घ्या. बारीक केल्याने सायनाइड जास्त सुटतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने ते निकामी करण्याची शरीराची ताकद उलट कमी होऊ शकते.

पावसाळ्यात स्टेशनबाहेर वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) विकणाऱ्या बायका न विचारता सांगतात, चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी फेका, मग उकळा. त्या कोंबातही सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. साबुदाणा ज्या कंदाचा, त्यातही असतं. ते काढून टाकायची रीत घराघरात आहे. इथे मात्र ते ठेवायचं, आणि वर पैसे मोजायचे!

किती चालतात? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला: मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या कच्च्या बिया खाल्ल्या, तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. बी मोठी असेल तर ती ओलांडायला अर्धीसुद्धा पुरते. छोट्या मुलाला एक छोटी बीसुद्धा जास्त होऊ शकते. काकांचा आकडा १०, आणि काही प्रचारक कॅन्सरच्या रुग्णाला दिवसाला ६० सांगतात.

‘बी-१७’ नावाचं व्हिटॅमिनच नाही. अमिग्डालिनपासून बनवलेल्या लेट्राइल या औषधाला खपासाठी चिकटवलेलं ते नाव आहे. अमेरिकेत त्याची लाट आली तेव्हा मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांनी १७८ रुग्णांवर ते रीतसर वापरून पाहिलं. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले: कोणी बरं झालं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड जीवघेण्या पातळीच्या जवळ पोचलं होतं. गंमत म्हणजे सायनाइडच्या विषबाधेवरचा एक उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे खऱ्याखुऱ्या बी-१२ चाच प्रकार. तो मोठ्या मात्रेत शिरेतून द्यावा लागतो, घरातल्या गोळ्यांनी भागत नाही.

आता माझ्याच घरचं. मावशी कराडहून स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आमच्याकडे लालबागला राहायला होती. मावसभावाने या बिया आणल्या आणि मी ओरडेन म्हणून मला कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिला उलट्या, डोकं गरगरणं, छातीत धडधड. सगळे म्हणाले केमोमुळे. मीही तेच म्हणाले. केमो होऊन पंधरा दिवस झाले होते, एवढ्या उशिरा अशी उलटी का, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मिक्सरच्या भांड्याला कडू बदामाचा वास आला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. रिक्षात घालून नेलं, डॉक्टरांना खरं सांगितलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. बिया बंद झाल्या आणि ती सावरली. भावाला कोणी बोललं नाही, त्याचा चेहराच तसा झाला होता.

विषबाधेची सुरुवात केमोच्या त्रासासारखीच दिसते, म्हणून लपवून देण्यात सगळ्यात जास्त धोका. वडिलांनी आधीच खाल्ल्या असतील तर पुढच्या तपासणीची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा. ते रागावले तर रागावू देत. धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, झटके, ग्लानी यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत न्या, पाकीट बरोबर घेऊन. घरी उलटी काढायच्या फंदात पडू नका.

काकांशी भांडू नका. त्यांना काहीतरी करायचंय, तर पुढच्या केमोला डब्याची आणि सोबतीची जबाबदारी त्यांच्यावर टाका. आणि बिया फेकताना उघड्या टाकू नका. पिशवीला घट्ट गाठ मारा, कचरा न्यायला येणाऱ्याला सांगूनच द्या. पोरांना त्या बदामासारख्याच दिसतात.