वाचकांचे प्रश्न : खाते सर्व्हरवर आहे, पण संगणकाला सापडत नाही

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सचे चाळीस संगणक आहेत. विद्यार्थ्यांची खाती मध्यवर्ती एलडीएपी सर्व्हरवर (खात्यांची सामाईक नोंदवही) असून प्रत्येक संगणकावर एसएसएसडी (तिथून खात्यांची माहिती आणून जवळ साठवणारी सेवा) चालते. होम डिरेक्टरी (प्रत्येकाच्या स्वतःच्या फायलींची जागा) वेगळ्या सर्व्हरवरून एनएफएसद्वारे, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या पद्धतीने, येतात. सुट्टीत एलडीएपी सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला. तेव्हापासून काही संगणकांवर जुने विद्यार्थी लॉगिन करू शकतात, पण नव्यांसाठी ‘असा वापरकर्ता नाही’ असे उत्तर येते आणि त्यांच्या फायलींपुढे नावाऐवजी आकडे दिसतात. नावावरून पत्ता शोधणारी एनएसलुकअप ही कमांड सर्व्हरचा पत्ता बरोबर सांगते. आयपी पत्ता देऊन एलडीएपीसर्च (एलडीएपी सर्व्हरला थेट विचारणारी कमांड) चालवले की नवे खातेही दिसते. तात्पुरता उपाय म्हणून दोन संगणकांवर त्याच नावांची स्थानिक खाती उघडली, तर त्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच फायली उघडता येईनात. बिघाड कुठे शोधावा?
— प्रयोगशाळा साहाय्यक

उत्तर : आधी ती स्थानिक खाती काढून टाका, मात्र काढताना होम डिरेक्टरी पुसण्याचा पर्याय चुकूनही देऊ नका. फायलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, फक्त क्रमांक असतो, आणि नेहमीच्या मांडणीतील एनएफएसही तो क्रमांकच पाहते. स्थानिक खात्याला संगणकाने स्वतःच्या मालिकेतला क्रमांक दिला, म्हणून नाव तेच राहूनही मालक बदलला. शिवाय नावे कुठे कोणत्या क्रमाने शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच.कॉन्फ या फायलीत बहुतेक ठिकाणी ‘फाइल्स’ (स्थानिक खाती) हा स्रोत ‘एसएसएस’च्या (एसएसएसडीच्या) आधी असतो, त्यामुळे मूळ बिघाड दुरुस्त झाल्यावरही त्या दोन संगणकांवर खरे खाते झाकलेलेच राहील.

आता मूळ दोषाकडे. तुम्ही केलेल्या दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत, पण ज्या वाटेने लॉगिनचा प्रोग्राम जातो त्या वाटेवरच्या त्या नाहीत. एनएसलुकअप थेट डीएनएसला (नावांचे पत्ते सांगणाऱ्या नेटवर्क सेवेला) विचारते आणि इटीसी डिरेक्टरीतील होस्ट्स फाइल, म्हणजे संगणकाची स्वतःची नावे-पत्त्यांची यादी, वाचतच नाही. आयपी पत्ता दिल्यावर तर नाव शोधण्याची पायरीच गळते. म्हणून तपासणीची सुरुवात नेहमी गेटएंटने करावी, कारण ही कमांड एनएसस्विच.कॉन्फमधील क्रम पाळून, इतर प्रोग्रामांप्रमाणेच सी लायब्ररीमार्फत विचारते. ‘गेटएंट होस्ट्स’पुढे सर्व्हरचे नाव देऊन पाहा. उत्तरात जुना पत्ता आला, तर कधीतरी कोणी होस्ट्स फाइलमध्ये हाताने घातलेली ओळ तिथे शिल्लक आहे असे समजा. फक्त काही संगणकांवरच त्रास होत असल्याने मला हीच शक्यता सर्वांत मोठी वाटते.

जुने चालतात आणि नवे चालत नाहीत, ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची खूण आहे. सर्व्हर गाठता आला नाही की एसएसएसडी ऑफलाइन होते आणि आपल्या साठ्यातून उत्तरे देत राहते. पासवर्ड साठवण्याची मुभा दिलेली असेल, तर ज्यांनी त्या संगणकावर पूर्वी लॉगिन केले आहे त्यांना काहीच जाणवत नाही. ज्यांची नोंद साठ्यात कधी आलीच नाही, ते मात्र अडतात. ‘एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस’ ही कमांड ऑनलाइन की ऑफलाइन ते स्पष्ट सांगते. होस्ट्स फाइल निर्दोष निघाली, तर टीएलएस प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरची ओळख पटवणारे) तपासा: नव्या यंत्राच्या प्रमाणपत्रात सर्व्हरचे तेच नाव आहे ना, आणि त्या संगणकांचे घड्याळ बरोबर आहे ना. बॅटरी संपलेला संगणक सुरू होताना कित्येक वर्षे मागे गेलेला असेल, तर त्याच्या लेखी प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते.

कारण सापडेपर्यंत एसएसएसडीचा साठा पुसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘एसएसएस_कॅश’ ही कमांड साठ्यातील नोंदी फक्त शिळ्या ठरवते, त्यामुळे तिने नुकसान होत नाही. पण ऑफलाइन असताना साठ्याच्या फायलीच काढून टाकल्या, तर आज चालणारे विद्यार्थीही बाहेर राहतील. दोष दूर करून सेवा पुन्हा सुरू करा आणि ‘आयडी’ कमांडला नव्या विद्यार्थ्याचे नाव द्या. खात्यांची यादी मागणाऱ्या नुसत्या ‘गेटएंट पासडब्ल्यूडी’ने सर्व विद्यार्थ्यांची यादी आली नाही, तर घाबरू नका, एसएसएसडीत सर्वांची यादी देण्याची सोय मुळात बंदच असते.

प्रश्न : आम्ही अजून एनआयएस (खाती एका सर्व्हरवर ठेवण्याची जुनी पद्धत) वापरतो. लिनक्सची नवी आवृत्ती बसवल्यापासून एनआयएसच्या खात्यांना लॉगिन करताना जवळजवळ अर्धा मिनिट थांबावे लागते. स्थानिक खाती लगेच उघडतात. एनआयएस सर्व्हरला थेट विचारणाऱ्या वायपीमॅच कमांडला उत्तर तत्काळ मिळते.
— एक वाचक

उत्तर : लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या, 2017 मध्ये आलेल्या 235 व्या आवृत्तीपासून, लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या लॉगिनडी या सेवेला नेटवर्क वापरण्याची मनाई आहे. एनआयएसमध्ये मात्र नाव विचारणाऱ्या प्रक्रियेलाच सर्व्हरशी बोलावे लागते. ती मनाईवर अडकते आणि लॉगिन वेळ संपेपर्यंत वाट पाहते. एनएससीडी ही नावे शोधून साठवणारी सेवा चालू केल्यास ती विचारणा वेगळ्या प्रक्रियेकडे जाते आणि खोळंबा थांबतो. लॉगिनडीच्या सेवेत जोड-फाइल (मूळ फायलीला न हात लावता सेटिंग बदलणारी वेगळी फाइल) घालून आपल्या सर्व्हरच्या पत्त्याला परवानगी देणे हा दुसरा मार्ग आहे.

हे दोन्ही उपाय वेळ मिळवण्यापुरतेच धरा. एनआयएसच्या नेहमीच्या मांडणीत ‘वायपीकॅट पासडब्ल्यूडी’ चालवणाऱ्या कोणालाही सर्वांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून बनवलेली सांकेतिक रूपे) दिसू शकतात, आणि रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या 9 व्या आवृत्तीतून एनआयएस काढूनच टाकले आहे. एलडीएपीकडे जाताना प्रत्येक खात्याचा जुना क्रमांक तोच ठेवा. तो बदलला, तर वरच्या पत्रातील विद्यार्थ्यांसारखीच तुमच्याही वापरकर्त्यांची अडचण होईल.